चाळीची खोली आणि लघुवाद न्यायालय

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मुंबईत धोबीतलावाजवळ, लोकमान्य टिळक मार्गावर, एक न्यायालय आहे. सरकारी मराठीत त्याचे नाव लघुवाद न्यायालय. गिरणगावातील माणूस मात्र त्याला अजूनही ‘स्मॉल कॉज’ म्हणूनच ओळखतो. नाव ऐकून कोणाचा असा समज व्हावा की येथे किरकोळ देण्याघेण्याचे, उधारउसनवारीचे तंटे चालत असतील. मुळात ते त्यासाठीच होते. १८८२ साली इंग्रज सरकारने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाखा शहरांकरिता जो कायदा केला, त्याचा हेतू लहान रकमांचे दावे झटपट निकालात काढण्याचा होता. स्थावर मालमत्तेच्या मालकीचा प्रश्न तर त्या कायद्याने या न्यायालयाच्या कक्षेबाहेरच ठेवला होता. ज्या न्यायालयाला जमिनीच्या मालकीला हात लावण्याची मुभा नाही, त्याच न्यायालयाच्या हाती पुढे मुंबईतील कष्टकऱ्याचे डोक्यावरचे छप्पर आले, हा इतिहासाचा एक मासलेवाईक प्रकार आहे.

तो घडला भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईतील भाड्यांवर प्रथम निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा आले, आणि १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या जागेचे जे भाडे होते ते प्रमाणभाडे मानावे, आणि भाडेकरू ते देण्यास तयार असेपर्यंत त्याला कायद्यातील ठराविक कारणांवाचून बाहेर काढता येऊ नये, असा त्या कायद्याचा गाभा होता. त्याच कायद्याने असेही ठरविले की घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील भाड्याचा व ताब्याचा दावा, त्याची किंमत कितीही असो, बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयातच चालेल. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांतील निरनिराळे जुने कायदे रद्द करून एकच कायदा आणला, पण न्यायालयाची ही तरतूद कायम ठेवली. पुणे, नागपूर यांसारख्या ज्या शहरांत लघुवाद न्यायालय आहे तेथे ते, आणि जेथे नाही तेथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, हे दावे ऐकतात. अशा रीतीने दरमहा शे-दोनशे रुपये भाड्याच्या, परंतु बाजारात लाखोंनी आणि दक्षिण मुंबईत तर कधी कोटींनी किंमत होणाऱ्या खोलीचा निवाडा आज या ‘लहान’ कोर्टात होतो. दोन्ही आकड्यांत जी तफावत आहे, तीच या सगळ्या तंट्यांची जननी होय.

कार्यकर्त्याकडे जेव्हा चाळीतील माणूस हातात कोर्टाचा कागद घेऊन येतो, तेव्हा पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे की वाद नेमका कशाचा आहे. चाळीच्या मालकाचे दोन मुलगे वडिलांच्या पश्चात इमारतीच्या वाटणीवरून भांडत असतील तर तो मालकीचा वाद आहे. तो लघुवाद न्यायालयात चालत नाही, आणि भाडेकरूने त्यात आपणहून पडण्याचेही कारण नाही. भाडेकरूला एकदा ज्याच्याकडून जागा मिळाली त्याची मालकी तो नाकारू शकत नाही, हे पुरावा कायद्याचे जुने तत्त्व आहे. दोघा भावांनी वेगवेगळ्या नोटिसा पाठवून भाडे आपल्यालाच द्या असे म्हटले, तर दोघांनाही लेखी उत्तर देऊन, भाडे तयार आहे, अधिकार कोणाचा ते ठरवून सांगा, असे कळवावे आणि पैसे बाजूला काढून ठेवावेत. पुष्कळ भाडेकरू येथेच चूक करतात. मालकांचे भांडण चालले आहे म्हणून ते भाडे देणेच बंद करतात, आणि चार वर्षांनी भावांची दिलजमाई झाली की थकबाकीची नोटीस दारात येते.

उलट, वाद मालक-भाडेकरू या नात्याचा असेल, किंवा जागा ‘लीव्ह अँड लायसन्स’वर दिलेल्या माणसाकडून ताबा परत मिळविण्याचा असेल, तर तो याच न्यायालयाचा. १९७६ मध्ये महाराष्ट्राने १८८२ च्या कायद्यातील सातवे प्रकरण बदलून परवानाधारकांकडील ताब्याचे दावेही या न्यायालयाकडे दिले. यावर बराच काथ्याकूट झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मनसुखलाल जैन विरुद्ध एकनाथ ओगले या प्रकरणात या कलमाचा व्यापक अर्थ लावला, आणि २०१३ मध्ये कोटेचा प्रकरणात असेही ठरविले की मोबदला न घेता राहू दिलेला माणूसही यात मोडतो. म्हणजे मामाने भाच्याला नोकरी लागेपर्यंत खोलीत राहू दिले आणि तो पुढे निघेना, तर तेही भांडण धोबीतलावलाच जाणार. करारात लवादाचे कलम घातले म्हणूनही ही वाट बदलत नाही, हे नटराज स्टुडिओच्या प्रकरणात १९८१ सालीच ठरले आहे. हा तपशील वकिलांपुरता आहे असे कोणी मानू नये. चुकीच्या न्यायालयात दावा लावला तर काही वर्षांनी तो परत मिळतो आणि नव्या न्यायालयात पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. तोपर्यंत पैसेवाल्याचे काही बिघडत नाही, खोलीवाल्याचे आयुष्य निघून जाते.

आता मुख्य गोष्ट. भाडेकरू दावा का हरतो? कायदा त्याच्या विरुद्ध आहे म्हणून, असे उत्तर सभेत टाळ्या मिळवून देईल, परंतु ते पुरते खरे नाही. भाडेकरू बहुतेक वेळा कागदावर हरतो.

समजा, लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराची खोली आहे. पावती सासऱ्याच्या नावाने, सासरा वारला त्याला वीस वर्षे झाली. मालकाने इमारत एका बिल्डरला विकली. नवा मालक भाडे घेण्यास माणूस पाठवीत नाही, आणि कोणी नेऊन दिले तर घेत नाही. चाळीतले लोक खूश! भाडे वाचले असा त्यांचा समज. दोन-तीन वर्षांनी वकिलाची नोटीस येते. मजकूर इंग्रजीत. घरातला शिकलेला मुलगा ती वाचतो, अवाच्या सव्वा रक्कम पाहून संतापतो आणि कपाटात ठेवून देतो. कायद्याने येथे भाडेकरूला मोठी सवलत दिलेली आहे. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय मालकाला दावाच दाखल करता येत नाही. त्या मुदतीत भाडे पोचते केले, तर थकबाकीचे कारण तेथेच संपते. ती मुदत हुकली तरीही आणखी एक दार उघडे असते: समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत थकलेले सर्व भाडे दरसाल पंधरा टक्के सरळ व्याजाने, दाव्याच्या खर्चासह, न्यायालयात भरले आणि पुढेही निकाल लागेपर्यंत नियमित भरत राहिले, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूम होऊ शकत नाही. शे-दोनशे रुपये भाड्याची तीन वर्षांची बाकी काही हजारांत जाते. एवढी रक्कम चाळ समितीने वर्गणी काढूनही भरता आली असती. ती भरली गेली नाही, कारण कोणीतरी सांगितले की ‘तारीख पडू दे, मग बघू’. नव्वद दिवस गेले की मग हेच पैसे भरूनही त्यांचा तितका उपयोग उरत नाही.

नोटिशीत मागितलेले भाडे अवाजवी वाटत असेल तर न्यायालयाकडून प्रमाणभाडे ठरवून घेण्याचा अर्ज करता येतो. परंतु भाडे जास्त मागितले म्हणून काहीच न देणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. जे कबूल आहे ते आधी भरावे. मालक भाडे नाकारत असेल तर मनीऑर्डरने, धनादेशाने अथवा बँकेमार्फत पाठवावे आणि परत आलेला प्रत्येक कागद जपून ठेवावा. ‘नाकारले’ असा शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर हा भाडेकरूच्या तयारीचा उत्तम पुरावा असतो; भाडे देण्याची तयारी आणि इच्छा हेच या कायद्यातील संरक्षणाचे मूळ आहे. पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, तेव्हा पावती न देणाऱ्या मालकाकडे ती लेखी मागत राहणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

समन्सचा प्रश्न याहून नाजूक आहे. बेलिफ येतो तेव्हा खोलीला कुलूप असते. तो पुन्हा येतो, पुन्हा कुलूप. मग न्यायालयाच्या परवानगीने समन्सची प्रत दारावर चिकटविली जाते आणि कायद्याच्या दृष्टीने बजावणी पुरी होते. भाडेकरू त्या वेळी कोकणात भातलावणीला, किंवा साताऱ्याकडे आईच्या आजारपणात गेलेला असतो. परत येईपर्यंत चिकटविलेला कागद पावसाने धुऊन गेलेला. दावा एकतर्फी निकाली निघतो, आणि थेट दरखास्तीची नोटीस घेऊन बेलिफ पुन्हा येतो तेव्हा घरात पहिल्यांदा गडबड उडते. एकतर्फी निकाल रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. परंतु त्याची मुदत तीस दिवसांची असते आणि समन्स नीट बजावले नव्हते हे पटवून द्यावे लागते. शेजाऱ्याने दारावरचा कागद पाहून त्याच दिवशी गावी फोन केला असता तर यातले काहीच घडले नसते. चाळीत पूर्वी अशी शेजारधर्माची रीत होती. निम्म्या खोल्या बंद झाल्यावर ती कोण पाळणार?

बंद खोलीविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. जागा ज्या कामासाठी दिली त्या कामासाठी दावा लावण्यापूर्वीचे लागोपाठ सहा महिने, सबळ कारणाशिवाय, ती वापरली नाही, तर तेवढ्या एका कारणावर ताबा जाऊ शकतो. ही तरतूद १९४७ च्या कायद्यात होती, आजच्या कायद्यातही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर हजारो कामगार हताश होऊन गावी परतले. खोल्यांना कुलपे लागली. ज्याची गिरणी गेली त्याला आपली खोलीही या एका कलमामुळे धोक्यात आली आहे, याची कल्पना नव्हती. ‘सबळ कारण’ या शब्दांत माणुसकीला जागा आहे. संप, आजारपण, इमारतीची मोडतोड ही कारणे न्यायालयापुढे मांडता येतात. पण ती मांडावी लागतात, आणि विजेची बिले, शिधापत्रिका, मतदार यादी, मुलांच्या शाळेचे दाखले अशा कागदांनी सिद्ध करावी लागतात. विजेचे बिल सहा महिने शून्याकडे झुकलेले दिसले की मालकाचा वकील त्याच बिलाची प्रत न्यायालयात मांडतो.

वारसाहक्काचा प्रश्न तर घरोघरी आहे. लोकांची अशी समजूत असते की खोली बापाची, म्हणून आपोआप मुलाची. कायदा असे म्हणत नाही. भाडेकरू मेला त्या वेळी त्याच्या कुटुंबातील जो माणूस त्याच्याबरोबर राहत होता त्याला भाडेकरूचा हक्क मिळतो. असा कोणीच नसेल तर वारसाला, आणि वारसांत एकमत नसेल तर न्यायालय ठरवील त्याला. येथे मृत्युपत्राचा उपयोग नाही. वसंत पंडित विरुद्ध अनंत सबनीस या प्रकरणात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की कायद्याने संरक्षित भाडेहक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. तरीही आजसुद्धा लोक मुद्रांकावर खोली पुतण्याच्या नावे लिहून ठेवतात आणि निर्धास्त होतात.

याचा सर्वांत मोठा जाच स्त्रियांना होतो. पावतीवर नाव नवऱ्याचे. तो मेला की सर्वांत धाकटा मुलगा, ज्याला मालकाच्या माणसाशी बोलता येते, तो पावती आपल्या नावावर करून घेतो. आणि लग्नानंतर आईला गावी धाडतो. नवऱ्याने टाकलेली किंवा विधवा होऊन माहेरी आलेली मुलगी, जी बापाचे आजारपण काढत त्याच खोलीत दहा वर्षे राहिली, तिचा हक्क कायद्याच्या शब्दांत त्या परगावी राहणाऱ्या भावापेक्षा अधिक बळकट असतो. परंतु तिला तो कोणी सांगत नाही. चाळ समितीत पुरुषच बसतात आणि त्यांना हा ‘घरचा मामला’ वाटतो. पक्षाच्या कार्यकर्त्यानेही तोच सूर लावावा हे मात्र शोभत नाही. माणूस गेल्यावर पहिल्या महिन्यातच घरात राहणाऱ्या सर्वांच्या सह्यांनी मालकाला पत्र देऊन, पावती कोणाच्या नावे व्हावी हे कळविले, आणि त्यात विधवेचे नाव प्रथम घातले, तर पुढचे अर्धे तंटे उद्भवणारच नाहीत.

एवढे सांगितल्यावर भाडेकरूंच्या बाजूचेही काही बोलले पाहिजे, ते कटू असले तरी. गिरगावात, दादरमध्ये अशा पुष्कळ जागा आहेत की ज्यांचा मूळ भाडेकरू कधीच डोंबिवलीला किंवा बोरिवलीला स्वतःच्या सदनिकेत राहायला गेला, आणि जुन्या खोलीत त्याने बाजारभावाने पोटभाडेकरू ठेवला. मालकाला तो दीडशे रुपये देतो आणि पोटभाडेकरूकडून पंधरा हजार घेतो. यास शोषणाविरुद्धचा लढा म्हणता येत नाही. पोटभाडेकरू ठेवणे हे ताबा जाण्याचे कारण कायद्याने मानले आहे, आणि ते योग्यच आहे. १९९९ च्या कायद्याने पागडी मालकाच्या संमतीने उघडपणे घेण्यास मुभा दिली. तेव्हापासून चोरून व्यवहार करण्याचे निमित्तही उरलेले नाही. भाडेनियंत्रण हे राहणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. ते खोलीचा सट्टा करणाऱ्याचे हत्यार बनले तर मध्यमवर्गाच्या मनात या सर्व कायद्याविषयीच तिटकारा उत्पन्न होतो, आणि त्याचा फायदा कोणाला मिळतो हे सांगण्याची गरज नाही. मालक म्हणजे दरवेळी बिल्डर असतो असेही नव्हे. निवृत्त शिक्षिका, जिच्या वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून दोन मजली घर बांधले आणि खालचा मजला भाड्याने दिला, तीही ‘मालक’च असते.

भाडी गोठवून ठेवण्याची जुनी पद्धत कायमची चालणार नव्हती, हे मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलेच होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे भाडे तसेच ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यातून १९९९ चा कायदा आला आणि दरसाल चार टक्के वाढ मालकाला मिळू लागली. त्याच कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोट रुपये किंवा अधिक वसूल भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेसंरक्षणातून वगळले. फोर्ट विभागात १९४० च्या भाड्यावर आलिशान कचेऱ्या थाटून बसलेल्या धनाढ्य कंपन्यांसाठी कामगार चळवळीने अश्रू ढाळण्याचे कारण नव्हते. कायद्याचे हे पाऊल बरोबर होते. चिंता आहे ती लहान राहत्या भाडेकरूची.

त्याच्यावर आज सर्वांत जास्त येणारा दावा म्हणजे मालकाची ‘वाजवी व प्रामाणिक गरज’. न्यायालये सामान्यतः असे मानतात की आपली गरज काय ती मालकालाच अधिक चांगली कळते. तेव्हा ‘त्याला काय गरज आहे?’ एवढेच म्हणून भागत नाही. राहत्या जागेच्या बाबतीत भाडेकरूच्या बाजूला आणखी एक तरतूद आहे: ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास, न दिल्याने मालकाला होणाऱ्या त्रासापेक्षा अधिक असेल तर न्यायालय ताब्याचा हुकूम देत नाही. दोघांच्या त्रासाची ही तुलना पुराव्यावर होते. घरात माणसे किती, त्यांतील आजारी किती, कोणाची नोकरी कोठे, मुलांची शाळा कोठे, दुसरी जागा शोधली तर तिचे भाडे किती पडते, प्रयत्न केला होता काय, हे सर्व साक्षीत आणि कागदांत आले पाहिजे. भाडेकरू साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून ‘आम्ही गरीब आहोत’ असे म्हणतो आणि उलटतपासणीत गावाकडचे घर, मुलाची बदलापूरची सदनिका एकेक करून बाहेर येते. कार्यकर्त्याने अशिलाला खोटे बोलण्यास शिकवू नये, खरे नीट मांडण्यास शिकवावे.

तारखांचा विषय निघाला की सगळे न्यायालयाला दोष देतात. दावे वर्षानुवर्षे चालतात हे खरेच आहे. मुंबईत याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढे अपील, तेथून उच्च न्यायालय, मग दिल्ली. पण ही दिरंगाई नेहमी भाडेकरूच्याच फायद्याची असते, हा समज आता सोडून द्यायला हवा. ताब्याचा हुकूम झाल्यावर अपिलात स्थगिती मागणाऱ्या भाडेकरूला, स्थगिती हवी असेल तर जागेच्या बाजारभावाप्रमाणे वाजवी रक्कम दरमहा भरण्याची अट घालता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात २००४ मध्ये सांगितले आणि महाराष्ट्रातील सुपर मॅक्स प्रकरणात २००९ मध्ये पुन्हा ठामपणे मान्य केले. दीडशे रुपये देणाऱ्याला दरमहा काही हजार भरा असे सांगितले, तर त्याने कितीही मजबूत अपील केलेले असो, तो दुसऱ्या महिन्यातच थकतो. म्हणून पहिल्या कोर्टातील लढाई ही खरी लढाई समजून लढली पाहिजे. ‘वर बघू’ हा सल्ला ज्या वकिलाने दिला, त्याच्याकडून कागद परत घेतलेले बरे.

पुनर्विकासाच्या गोष्टीत मात्र सावध राहूनही माणसे फसतात. इमारत धोकादायक ठरते, महापालिकेची नोटीस लागते, लोक संक्रमण शिबिरात जातात, इमारत पाडली जाते, आणि मग मालक म्हणतो की इमारतच राहिली नाही तर भाडेकरू कसला? रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी याचे उत्तर दिले आहे: इमारत पडल्याने किंवा पाडल्याने भाडेहक्क आपोआप संपत नाही. हा निकाल चाळीचाळीत सांगितला गेला पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की खोली रिकामी करण्यापूर्वी क्षेत्रफळ मोजून, मालकाच्या सहीनिशी, ताब्याचा करार हाती घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. बिल्डरची माणसे चाळीत एकेकाला गाठतात. कोणाला जास्त क्षेत्र, कोणाला रोख, कोणाला मुलाच्या नोकरीचे आश्वासन. सगळ्यांनी एकत्र करार केला तर बिल्डर एकाच अटीवर सर्वांशी बांधला जातो, आणि हे त्याला कळते म्हणूनच तो एकेकाकडे जातो.

मालकाने दांडगाई केली, नळ तोडला, वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्यातच तातडीचा अर्ज करण्याची सोय आहे आणि आवश्यक सेवा तोडणे हा गुन्हा मानला आहे. गुंडांकरवी खोलीतून बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमान्वये केवळ पूर्वीच्या ताब्याच्या आधारावर ताबा परत मागता येतो. मात्र हा दावा सहा महिन्यांच्या आत लागला पाहिजे. मोर्चा, घेराव, पोलीस चौकीवरील निदर्शने यांत हे सहा महिने निघून जातात आणि नंतर कार्यकर्ते विचारतात की आता काय करता येईल. आंदोलन आणि दावा यांत निवड करायची नसते. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आदींच्या नागरी निवारा परिषदेने १९८० च्या दशकात नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन दिंडोशीच्या जमिनीचा प्रश्न लढविला, तो रस्त्यावर आणि न्यायालयात अशा दोन्ही ठिकाणी लढविला. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कमाल धारणा कायदाच रद्द केला. त्यामुळे तशी लढाई आज त्याच कायद्यावर उभी करता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि शेवटी एका मोठ्या वर्गाविषयी, ज्याच्याकडे चळवळीचे अजून पुरते लक्ष गेलेले नाही. जुन्या पावतीवाल्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. आजचा तरुण कामगार, गाडी चालविणारा, रुग्णालयातील कंत्राटी परिचारिका, घरपोच पार्सल पोचविणारा, हे सारे नालासोपारा, दिवा, कळवा येथे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतात. १९७३ मध्ये महाराष्ट्राने एक धाडसी दुरुस्ती केली होती: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो परवानाधारक म्हणून जागेत होता, त्याला भाडेकरू मानले गेले. ती तारीख पुढे कधीच सरकली नाही. आजच्या परवानाधारकाला भाडेनियंत्रणाचे संरक्षण जवळजवळ नाही. मुदत संपल्यावर तो निघाला नाही तर दुप्पट रकमेचा बोजा, आणि मालक न्यायालयात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तेथे बाजू मांडण्यासाठीसुद्धा तीस दिवसांत प्रतिज्ञापत्रावर परवानगी मागावी लागते, लेखी करारात जे लिहिले तेच अखेरचे धरले जाते, आणि हुकूम विरुद्ध गेला तर अपील नाही, फक्त पुनरीक्षण. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या नमुना भाडेकरार कायद्याचा रोखही सर्वच भाडेव्यवहार या वाटेने नेण्याकडे आहे. जुन्या भाडेकरूंच्या मेळाव्यात हा परवानाधारक कधी दिसत नाही. त्याला बोलावलेलेच नसते. अनामत रक्कम परत न मिळणे, मुदतीच्या मध्येच बाहेर काढणे, करार नोंदविण्यास टाळाटाळ, ही त्याची दुखणी आहेत. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि ती त्याने पाळली नाही तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, एवढी एक गोष्ट जरी प्रत्येकाला ठाऊक झाली तरी सौदा करताना त्याची मान थोडी ताठ राहील.

खर्चाचा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. याचा अर्थ चाळीतील निम्म्याहून अधिक माणसे त्यात बसतात. अर्ज साधा असतो, तो भरून देणे हे शाखेच्या कार्यालयात होण्यासारखे काम आहे. लोकअदालतीत तडजोड करणेही वाईट नाही. पण तेथील निवाड्याविरुद्ध अपील नसते, तेव्हा सही करणाऱ्याला मजकूर मराठीत वाचून दाखविल्याशिवाय सही होऊ देऊ नये. प्रत्येक चाळीत एक वही ठेवावी: खोली क्रमांक, पावती कोणाच्या नावे, शेवटचे भाडे केव्हा भरले, आलेली नोटीस कोणत्या तारखेची, तीत कोण राहते. गावी गेलेल्यांचे फोन क्रमांक त्याच वहीत शेवटच्या पानावर लिहावेत, म्हणजे दारावर कागद चिकटलेला दिसला की त्याच संध्याकाळी फोन जाईल.